अर्धा कोयता

बसून, सावकाश लिहा, असं संपादकांनी सांगितलं होतं. मला बसवत नाही. दवाखान्याच्या नोकरीत पायांना लागलेली सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही, त्यामुळे हे सगळं ओट्यावर कागद ठेवून उभ्या उभ्या लिहिते आहे. मधूनच अंगणात दोन फेऱ्या मारून येते. एखादं वाक्य अर्ध्यात तुटलेलं दिसलं तर समजून घ्या.

बीडमधल्या एका वंध्यत्वाच्या दवाखान्यात मी सिस्टर होते. इंजेक्शनं, तपासण्या हे सगळं होतंच, पण माझं खरं काम बोलण्याचं. आमच्या डॉक्टर मॅडम हुशार, पण भराभर बोलायच्या. समोरचं जोडपं नुसती मान हलवायचं. ते बाहेर आलं की मॅडम मला म्हणायच्या, जा, आता त्यांना मराठीत सांगा. मॅडमही मराठीतच बोललेल्या असायच्या, पण ते मी कधी बोलून दाखवलं नाही.

आमच्याकडच्या तरुण पोरांना मूल कसं होतं हे नीट माहीत नसतं, असं शहरातल्या लोकांना वाटतं. तसं नाही. बरंच माहीत असतं, फक्त ते गाईचं असतं. दूध संघाचा डॉक्टर गोठ्यात येतो, थंड टाकीतून बीज काढतो, गाय भरवतो आणि जातो, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. त्यामुळे नवऱ्याचं बीज धुऊन, त्यातलं चांगलं निवडून बायकोच्या गर्भाशयात सोडतात, हा आमच्याकडचा साधा उपचार एखाद्या शिक्षिकेला समजवायला मला घाम फुटायचा आणि गेवराईकडच्या शेतकरी पोराला तो एका वाक्यात कळायचा. अडचणही तिथूनच सुरू व्हायची. टाकीतलं बीज तपासून आलेलं असतं. म्हणजे गाय गाभण राहिली नाही तर दोष गाईचाच. हाच हिशेब पोरं घरी लावायची. बायकोच्या सगळ्या तपासण्या होईपर्यंत नवरा बाहेर मोटरसायकलवर बसून राहायचा. मी त्याचं बीज तपासायची डबी घेऊन त्याच्यापुढे उभी राहिले की तो माझ्याकडे असा बघायचा, जणू मी त्याची जमीनच मागायला आले आहे.

एकाने डबी घरी नेली. घर जवळ होतं, चालण्यासारखं होतं. तर पठ्ठ्याने ती थर्मासात बर्फ घालून आणली. दूध संघाचा डॉक्टर थंडच ठेवतो ना. बर्फाने सगळं बीज गारठून गेलं होतं, हालचाल काही दिसेना. रिपोर्ट ऐकून तो जिन्यात बसला, उठेचना. बर्फ कळल्यावर आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासलं, सगळं ठीक निघालं. त्यानंतर डबी देताना मी प्रत्येकाला बजावायचे, बर्फ नको, खिशात ठेवून आणा. दुसऱ्या एका जोडप्याने हळूच विचारलं होतं, टेस्ट ट्यूबवालं बाळ काचेत किती महिने असतं आणि मधून बघायला येता येईल का. मी सांगितलं, काचेत फक्त सुरुवातीचे थोडे दिवस, तेही डोळ्याला दिसणार नाही एवढं बारीक. मग त्याला आईच्याच पोटात सोडतात, पुढचं सगळं तिथेच. बायको हसली. नवऱ्याचा विश्वास बसला नाही. त्याने मोबाईलवर वेगळं पाहिलं होतं.

मला राग लवकर येतो. पोरांच्या अज्ञानाचा नाही, त्यांच्या खात्रीचा यायचा. पण एकदा अशी एक मुलगी आली की आमच्यापैकी कुणाला जास्त कळतं, याचा मला पुन्हा विचार करावा लागला. तिचं नाव मी रेखा ठेवते. बाकीचीही नावं बदललेली आहेत.

ते दुष्काळाचं साल होतं. मागच्या पावसाळ्यात पाऊस झाला नव्हता. मांजरसुंब्याच्या बाजूला एका सहकारी संस्थेने माळावर चारा छावणी उघडली होती. गावोगावची जनावरं तिथे बांधलेली आणि त्यांची माणसंही ताडपत्रीच्या पालात तिथेच मुक्कामाला. उन्हाळ्यात रेखाला तिची सासू त्या छावणीतूनच घेऊन आली. सासूचं नाव गयाबाई. अंगाने काटक, आवाज मोठा. दोघींच्या लुगड्यांना वैरणीचा वास येत होता. लग्नाला पाच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. गयाबाईने बसायच्या आधीच सांगून टाकलं.

“सून वांझ हाय का न्हाई ते एकदाचं सांगा. म्हंजी आमाला पुढचं बघायला मोकळं.”

पुढचं म्हणजे काय ते हळूहळू कळलं. भारत हा गयाबाईचा एकुलता एक मुलगा. त्याच्यासाठी दुसरी बायको बघून ठेवली होती, आणि ती रेखाची धाकटी बहीण होती, अकरावीत शिकणारी. घरातलीच बरी, दोघी भांडणार नाहीत, असं दोन्हीकडच्या मोठ्यांचं ठरलं होतं. दसऱ्याच्या आत उरकायचं होतं, कारण त्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि भारत-रेखा दरवर्षी त्यांच्याबरोबर जायचे. रेखा हे सगळं खाली बघून ऐकत होती. तिच्या बहिणीचं शिक्षण आणि तिचं स्वतःचं घर, दोन्ही आमच्या दवाखान्याच्या एका वाक्यावर टांगलेलं होतं.

मॅडमनी दोघांच्या तपासण्या सांगितल्या. भारत दोनदा आला नाही. सीझन संपला की तो गोदावरीच्या काठाला वाळूच्या गाडीवर ड्रायव्हर असायचा, सुट्टी मिळेना. तिसऱ्यांदा मी फोनवर त्याची चांगलीच खरडपट्टी काढली तेव्हा आला. डबी घेताना मान वर केली नाही. मग बाहेर मला एकटीला गाठून विचारलं, माझ्यात तर काय न्हाई ना सिस्टर, गाडीचं इंजिन लई तापतं, खाली गरम लागतं. त्याने कुणाकडून तरी ताकदीचं चूर्णही आणून खाल्लं होतं. मी चूर्ण बंद करायला लावलं. रिपोर्ट आला, भारतचं सगळं ठीक. रेखाच्या नळ्या मोकळ्या, गर्भाशय चांगलं, स्त्रीबीज वेळेवर तयार होत होतं. मॅडम म्हणाल्या, कधी कधी कारण सापडत नाही. त्यांनी बीज धुऊन सोडायचा उपचार सुचवला आणि मला म्हणाल्या, सांगा त्यांना.

मी रेखाला आतल्या खोलीत घेतलं. गयाबाई बाहेर बाकावर. उपचाराच्या आधी पाळीच्या तारखा विचारायच्या असतात. उन्हाळ्यातल्या तारखा तिने घडाघडा सांगितल्या. मी विचारलं, आणि सीझनमध्ये, ऊसतोडीच्या फडावर असताना? तर म्हणाली, तवा येत न्हाई. मला वाटलं, कष्टाने, खाण्याच्या आबाळीने होतं तसं. पण ती म्हणाली, गोळी असते ना.

ही गोळी बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. लग्नकार्य, पूजा आली की पाळी पुढे ढकलायला बायका जी घेतात तीच. ऊसतोडीच्या फडात ना आडोसा, ना पाणी, ना बसायची सोय. पहाटेपासून वाकून तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडीत चढायचं. एक दिवस बसलं तर खाडा, म्हणजे मजुरी कापली जाणार. म्हणून टोळीतल्या बायका ही गोळी महिनोन् महिने खात राहतात, मधे कधीतरी पाळी येऊ देतात. रेखाच्या टोळीत, टोळी जमवणाऱ्या मुकादमाची बायकोच किराण्यातून साखर-चहापत्तीबरोबर ती पाकिटं आणायची. आम्ही प्रत्येक बाईला विचारायचो, कोणतं औषध चालू आहे का? त्या म्हणायच्या, न्हाई. औषध आजारी माणूस खातो. ही पाळीची गोळी. आमचा प्रश्नच त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता.

आणि ही गोळी नुसती पाळी थांबवत नाही. अशी सतत खाल्ली तर स्त्रीबीज तयार होणंच अडतं, गर्भ राहायचा कुठून? नवरा-बायको एकत्र असायचे ते सीझनमध्ये, तेव्हा गोळी चालू. गोळी बंद असायची बाकीच्या दिवसांत, तेव्हा नवरा वाळूच्या गाडीवर गेवराईकडे, नदीकाठाला. पाच वर्षांच्या लग्नात मूल होण्यासारखे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मॅडमना न सापडलेलं कारण मला सापडलं होतं. मी रेखाला मोठ्या उत्साहाने समजावायला लागले. तिने मला अर्ध्यातच थांबवलं. उठून दार लोटून घेतलं.

“मला म्हाईत हाय, सिस्टर. मेडिकलवाल्याला इचारलं होतं पहिल्याच वर्षी. तो म्हणला, खाताल तवर राहायचं न्हाई. म्हणून तर खाल्ल्या.”

मी उभीच होते, पण आता बसावंसं वाटलं. ती पुढे सांगत राहिली, आवाज न चढवता. पहिल्याच सीझनला तिच्या टोळीतली एक बाई फडातच अडली होती. उसाच्या सरीत बाळंत झाली. पोर गेलं. आठवड्याच्या आत ती बाई परत कोयता घेऊन उभी. रेखाने तेव्हाच ठरवलं, फडात बाळंत व्हायचं नाही. सीझनमध्ये गोळी खायची आणि एरवी भारत घरी येणार असला की काहीतरी निमित्त काढून माहेरी जायचं. पाच वर्षं तिने हे एकटीने निभावलं. वांझ म्हणवून घेतलं, ओटी भरायला कुणी बोलावेना ते सोसलं. आता सवतीची गोष्ट निघाली आणि ती सवत तिची बहीण होती.

मी विचारलं, मग आता काय करायचं ठरवलंस?

“यंदा मूल राहू द्यायचं हाय. ऊसच न्हाई कुठं, तर टोळी कशी निघंल? आमी छावणीवरच राहतो. तुमी फक्त माझ्या सासूला, आत्याला, सांगा, इलाज चालू हाय, दोघांनी एका जागी राहावं लागंल. गोळ्यांचं सांगू नका.”

सगळा जिल्हा पावसाची वाट बघत होता आणि ही पोरगी मनातल्या मनात दुष्काळाचे दिवस मोजत होती. तिला शेती, ऊस, मुकादम, नवरा आणि स्वतःचं शरीर या सगळ्यांचं गणित एकत्र मांडता येत होतं. आमच्या दवाखान्यात कुणालाच ते मांडता आलं नव्हतं.

पेशंटचं गुपित पेशंटचं, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. पण बाहेर गयाबाई उभी होती. तिने सरळ विचारलं, दोष कुणात हाय? मी म्हटलं, दोष कुणातच नाही. दोघांना एकत्र राहायला वेळ मिळालेला नाही. भारतने वाळूची गाडी सोडून छावणीवर राहावं आणि सहा महिने तरी दुसऱ्या लग्नाचं नाव काढू नये, हाच इलाज आहे. यात एक शब्द खोटा नव्हता. मॅडमनाही मी एवढंच सांगून बीज सोडायचा उपचार पुढे ढकलायला लावला. गयाबाईला मात्र तो इलाज वाटेना. इंजेक्शन नाही, ऑपरेशन नाही, घरी राहा म्हणे. ती माझ्याकडे संशयाने बघत राहिली. मग एकदम म्हणाली, भारत झाल्यावर तिची गर्भाची पिशवी काढली होती. पोट दुखायचं, अंगावरून जायचं. कुणीतरी म्हणालं, काढून टाका, कामाला त्रास नको. ती तेव्हा रेखाच्या आताच्या वयाची होती. “मला कुणी घरी राहा म्हणलं न्हाई,” एवढं बोलून ती सुनेला घेऊन निघाली.

भारतला मी वेगळं समजावलं. बायकोला एकटीला दवाखान्यात आणून भागत नाही, हे त्याला पटवायला मला फार बोलावं लागलं नाही. तो मनातून सुटका झाल्यासारखा हसला. त्याने गाडी सोडली आणि छावणीवर म्हशींना चारा घालू लागला.

त्यानंतरचे महिने मी नीट झोपले नाही. बाकीचे पेशंट होते, पण लक्ष फोनकडे. प्रत्येक महिन्याला वाटायचं, नाही राहिलं तर? पुढचा दुष्काळ मागून थोडाच मिळतो? आषाढ संपता संपता रेखाचा फोन आला. पाळी चुकली होती. तपासलं, राहिलं होतं. मॅडमनी पेढे वाटले. मी दिवसभर जिन्यावरून वर-खाली करत होते.

आणि मग पाऊस आला. परतीचा, धो धो. सगळीकडे आनंद. छावणी उठली, लोक गावी गेले. मला मात्र धसका बसला. दसऱ्याच्या सुमाराला कळलं, दूरच्या एका साखर कारखान्याकडे तोडणीपुरता ऊस आहे, मुकादम टोळी जमवतोय. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता मुकादमाला नको असतो. भारतने जायचं तर रेखाने जायलाच हवं. घरात दुसरं उत्पन्न नव्हतं. वाळूच्या गाडीवर त्याच्या जागी दुसरा ड्रायव्हर लागला होता. भारतने मुकादमाला शब्द देऊन टाकला. सीझन संपता संपता, चैत्रात, रेखाचे दिवस भरणार होते. पाच वर्षं तिने जे टाळलं होतं ते आता नेमकं तिच्यासमोर येऊन उभं राहिलं होतं.

मी सुट्टी काढून त्यांच्या गावी गेले. गयाबाईला काय सांगावं हे वाटेतल्या वाटेत चार वेळा ठरवलं आणि चार वेळा बदललं. घरी पोचले तर रेखा एकटीच होती. डोळे सुजलेले. तिने स्वतःच सासूला सगळं सांगून टाकलं होतं. गोळ्या, माहेरच्या खोट्या फेऱ्या, फडात बाळंत झालेली ती बाई, सगळं. मी विचारलं, मग आत्या काय म्हणाल्या? ती म्हणाली, रात्री जेवल्या नाहीत, सकाळी उठून कुठेतरी गेल्या. मी संध्याकाळपर्यंत थांबले. गयाबाई आली नाही. मी बसमध्येही उभीच राहिले, जागा रिकामी असून.

दिवाळीनंतर टोळी निघायच्या दिवशी मला राहवलं नाही. मांजरसुंब्याच्या नाक्यावर टोळ्यांचे ट्रॅक्टर थांबतात, हे माहीत होतं. ढाब्यांच्या पुढे ट्रॉल्यांची रांग लागली होती. कोंबड्या, भांडी, पोरं, गाठोडी, सगळा संसार त्यावर. त्या गर्दीत मी रेखाला शोधत होते आणि ती दिसू नये असं मनात म्हणत होते. एका ट्रॉलीशी भारत उभा दिसला. वर गाठोड्यावर गयाबाई बसली होती, शेजारी दोन कोयते ठेवून. रेखा नव्हती.

मी विचारलं, तुम्ही कुठे निघालात? या वयात, पिशवी काढलेल्या अंगाने? गयाबाईने खाली वाकून माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या गावी गेले होते त्या दिवशी सकाळी ती मुकादमाकडे गेली होती आणि सुनेच्या जागी आपलं नाव सांगून आली होती.

“लई राग आलता, सिस्टर. पाच वर्सं माझ्या तोंडावर खोटं बोलली. मग रातभर माझंच आठवलं. भारत फडातच झाला माझा. मला तरी कुठं तिथं व्हायचं होतं? पण आमाला गोळीचं असलं काय ठावंच नव्हतं.”

सोबत लोहाच्या गोळ्यांचं पाकीट आणलं होतं रेखासाठी, ते तिलाच दिलं. तिने उलटंसुलटं करून पाहिलं. पाळीची तर न्हाई ना, असं विचारलं आणि पहिल्यांदा हसली. मग ट्रॅक्टर सुरू झाला.

रेखाच्या बहिणीच्या लग्नाचं नाव पुन्हा निघालं नाही, ती त्या वर्षी बारावीत शिकत राहिली. आमच्या दवाखान्यात औषधाचा प्रश्न बदलला. आम्ही प्रत्येक बाईला विचारू लागलो, पाळीची गोळी खाता का, कोण देतं? उत्तरं ऐकून मॅडम कपाळाला हात लावायच्या. त्याआधीच्या सगळ्या वर्षांत किती जणींवर आम्ही उगाच उपचार केले असतील, हा विचार मला अजूनही बसू देत नाही.

चैत्रात रेखा बाळंत झाली. सरकारी दवाखान्यात, पंख्याखाली, स्वच्छ चादरीवर. मुलगी झाली. मी ड्यूटी आटपून तिथे पोचले तेव्हा ती गाढ झोपली होती आणि बाळ तिच्या कुशीत होतं. मी भारतला फोन लावला आणि रेखा बाळंत झाली एवढंच सांगितलं. तो काही बोलायच्या आत गयाबाईने फोन हिसकून घेतला. मागे तोडणीचा आवाज चालू होता. आता ती मुलगा की मुलगी हे विचारणार म्हणून मी मनातल्या मनात भांडणाची तयारी करून ठेवली.

“सिस्टर, रेखा खाटंवर हाय ना?”

मी म्हटलं, हो, खाटेवर आहे. झोपली आहे.

“मग उठवू नका,” गयाबाई म्हणाली.